वाजलेली शिट्टी, न वाजलेली शिट्टी

5 एप्रिल 2024, क्लीव्हलंड. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा उपांत्य सामना. आयोवा 70, कनेक्टिकट 69. चेंडू कनेक्टिकटकडे, आणि घड्याळात दहा सेकंदही उरलेले नाहीत. टाइमआउट घेऊन चाल ठरली आहे आणि ती काय असणार हे प्रेक्षकांत बसलेल्या शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे: चेंडू पेज बेकर्सच्या हाती पोचवायचा. बेकर्सवर आयोवाची गॅबी मार्शल सावलीसारखी आहे. मार्शलच्या वाटेत उभी राहायला कनेक्टिकटची अलिया एडवर्ड्स पुढे येते. दोघी एकमेकींवर आदळतात, आणि 3.9 सेकंद बाकी असताना शिट्टी वाजते. फाउल एडवर्ड्सचा. चेंडू आयोवाला.

त्यानंतर जे झालं ते उरकल्यासारखं झालं. कनेक्टिकटला घड्याळ थांबवण्यासाठी आयोवाची मुख्य खेळाडू केटलिन क्लार्क हिच्यावर फाउल करावा लागला. क्लार्कने दोनपैकी एक फ्री थ्रो टाकला, दुसरा चुकला, पण उडालेला चेंडू आयोवाच्याच सिडनी अफोल्टरने पकडला. 71-69. आयोवा अंतिम फेरीत.

आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती. पुण्यात आमच्या जुन्या कॉलेज टीमच्या ग्रुपवर सामना संपायच्या आतच मेसेज सुरू झाले. एकीने लिहिलं, "शेवटच्या चार सेकंदांत असला फाउल देतात का कुणी?" दुसरीचं म्हणणं, "अशा वेळी पंचाने मध्ये पडूच नये. पोरींना खेळून ठरवू दे." तिकडे एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या लेब्रॉन जेम्सनेही आपल्याला हा निर्णय मान्य नसल्याचं जाहीर लिहिलं होतं, आणि इतर नामवंत खेळाडूंचा सूरही तोच होता. म्हणजे आमचा ग्रुप चांगल्या संगतीत होता. तरी ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पंचाने मध्ये पडू नये. मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मध्ये पडू नये म्हणजे नक्की काय करावं?

मी कॉलेजात स्क्रीन लावणारी होते. उंची बरी, नेम यथातथा, धावण्यात मधली. अशा मुलीला टीममध्ये जागा मिळते ती अंगावर धडका घ्यायची तयारी असेल तर. स्क्रीन म्हणजे काय, हे ज्यांनी खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपली नेमबाज मोकळी व्हावी म्हणून तिच्यामागे लागलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. ती येऊन तुमच्यावर आपटते, नेमबाज सुटते. पण उभं राहायचं म्हणजे खरोखर उभं राहायचं. पाय साधारण खांद्यांइतके फाकलेले, हात अंगाशी, आणि धडकेच्या क्षणी शरीर स्थिर. पाय सरकला, कंबर बाहेर काढली, खांदा किंवा कोपर पुढे केलं आणि त्यातून टक्कर झाली, तर फाउल तुमचा. समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळत नाहीत, पण चेंडू जातो.

कागदावर हे स्वच्छ आहे. मैदानावर नाही. समोरची खेळाडू तुम्हाला चुकवून निघणार हे दिसत असतं, अर्ध्या पावलाने ती निसटणार असते, आणि शरीर आपोआप त्या बाजूला झुकतं. विचार करायला वेळच नसतो. कोच ओरडून सांगतात "पाय रोव!", सरावात पाय रोवतोही, पण सामन्यात गुण बरोबरीत असताना आपली मैत्रीण मोकळी सुटणार की नाही हे त्या अर्ध्या पावलावर ठरतं. स्क्रीन लावणाऱ्या मुलीचं नाव गुणतक्त्यात येत नाही. बास्केट करणारीचं येतं, पास देणारीचं येतं. तिचं नाव त्या कामासाठी येतं ते फाउलच्या रकान्यात. त्यामुळे 3.9 सेकंद बाकी असताना पंचाचं बोट एडवर्ड्सकडे वळलं, तेव्हा मला आधी बेकर्स दिसली नाही की क्लार्क. मला एडवर्ड्स दिसली.

आणि तरीही माझं मत असं आहे की तो फाउल होता. मी ती चाल पुन्हापुन्हा पाहिली आहे. मार्शल येते तेव्हा एडवर्ड्स पूर्ण थांबलेली नाही. तिचं शरीर मार्शलच्या दिशेने झुकतं, कोपर बाहेर येतं. मार्शलने टक्कर थोडी वाढवून दाखवली असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं आहे. थोडी वाढवली असेलही. बचाव करणारी प्रत्येक हुशार खेळाडू पंचाला टक्कर दिसावी याची काळजी घेते. पण वाढवायला आधी टक्कर व्हावी लागते, आणि ती झाली होती.

आता तीन वर्षं मागे जाते, कारण हा प्रश्न मला त्या एका सामन्यातून सुटला नाही.

29 मार्च 2021, सॅन अँटोनियो. कोविडमुळे त्या वर्षी सगळी स्पर्धा टेक्सासमधल्या त्याच परिसरात भरवली होती. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा कनेक्टिकट, समोर बेलर. बेलरकडे 2019 चं विजेतेपद होतं, आणि 2020 ची स्पर्धा रद्द झाल्याने ते अजून त्यांच्याकडेच होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बेलर दहा गुणांनी पुढे असताना त्यांची बचावातली सर्वांत भक्कम खेळाडू डीडी रिचर्ड्स जखमी होऊन बाहेर गेली आणि कनेक्टिकटने सलग 19 गुण केले. बेकर्स तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिने त्या दिवशी 28 गुण केले. बेलरने तरी पाठलाग सोडला नाही. 68-67, शेवटचा सेकंद, बेलरची डिजोने कॅरिंग्टन बेसलाइनजवळून, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेजवळून, उडी मारते. तिच्यावर कनेक्टिकटच्या दोघी जणी झेपावतात. हात लागतात. शिट्टी वाजत नाही. चेंडू बास्केटमध्ये जात नाही. थोड्या वेळाने 69-67 ने सामना संपतो.

त्या दोघींपैकी एक ऑलिव्हिया नेल्सन-ओडोडा. दुसरी, पहिल्या वर्षाची अलिया एडवर्ड्स.

बेलरच्या कोच किम मल्की सामन्यानंतर म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन कोनांतलं चित्रण आणि फोटो आहेत. एकीचा हात तोंडावर लागलाय, दुसरीचा कोपरावर. कॅरिंग्टनने तो फोटो स्वतः ट्विटरवर टाकला. तो फोटो पाहिला की वाद घालायला फारशी जागा उरत नाही. फाउल दिला असता तर तिला दोन फ्री थ्रो मिळाले असते, टीम एका गुणाने मागे होती. दोन्ही गेले असते तर बेलर पुढे. एक गेला असता तर जादा वेळ. दोन्ही चुकले असते तर निकाल तोच. तिथे उभं राहून ते दोन थ्रो टाकायचा तिचा हक्क होता. तो तिला मिळाला नाही, आणि तो तिचा कॉलेजातला शेवटचा सामना ठरला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की "पंचाने मध्ये पडू नये" या वाक्याचं काय होतं पाहा. 2021 मध्ये पंच मध्ये पडले नाहीत. पोरींना खेळून ठरवू दिलं. आणि त्या न पडण्यानेच एका टीमला पुढच्या फेरीत नेलं. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच होता, तितकाच मोठा, फक्त त्याला आवाज नव्हता. आवाज नसल्यामुळे तो आपल्याला निसर्गक्रमासारखा वाटतो, आणि वाजलेली शिट्टी बाहेरून घुसल्यासारखी. मला वाटतं या खेळातला हा सर्वांत खोल गैरसमज आहे, आणि त्याचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो: ज्या बाजूने नियम मोडला तिला. शेवटच्या पाच सेकंदांत पंच हात आखडते घेणार हे एकदा माहीत झालं की नेमबाजाच्या हातावर मारायला कोण कचरेल? स्क्रीन लावताना पाय का रोवायचे? जी मुलगी चाळीस मिनिटं शिस्तीत खेळली तिच्याकडून आपण शेवटच्या क्षणी तो नियमच काढून घेतो.

महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमधली ही भांडणं आजची नाहीत. फेब्रुवारी 2008 मध्ये नॉक्सव्हिलला टेनेसीविरुद्ध रटगर्स एका गुणाने पुढे होती. घड्याळ 0.2 वर एक सेकंदाहून अधिक काळ अडकून राहिलं आणि तेवढ्यात टेनेसीच्या निकी अनोसिकेवर फाउल झाला. तिने दोन्ही थ्रो टाकले, 59-58. तिथे फाउल खरा की खोटा हा वादच नव्हता. सामना तोवर संपला होता की नाही, हा होता.

पण 2017 चा सामना मी मुद्दाम आठवते, कारण तो अशा वादांत कुणी काढत नाही. डॅलसला उपांत्य फेरी, कनेक्टिकटचे सलग 111 विजय, समोर मिसिसिपी स्टेट. जादा वेळेत 26.6 सेकंद उरलेले असताना पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहून मिसिसिपी स्टेटच्या डॉमिनिक डिलिंगहॅमला फ्लॅग्रंट, म्हणजे साध्याहून गंभीर, फाउल दिला. तिचा हात केटी लू सॅम्युएलसनच्या तोंडाला लागला होता. सॅम्युएलसनने दोन्ही थ्रो टाकून 64-64 केले आणि वर चेंडूही कनेक्टिकटकडेच राहिला. सगळं त्यांच्या बाजूने. तरी त्यांच्या हातून चेंडू निसटला, आणि मॉर्गन विल्यम नावाच्या, त्या मैदानावरच्या बहुतेकींच्या खांद्याला लागणाऱ्या मुलीने शेवटच्या क्षणी उडी घेऊन बास्केट केलं. 66-64. मिसिसिपी स्टेट हरली असती तर तो फाउल आजवर चघळला गेला असता. ती जिंकली म्हणून तो विसरला गेला. फाउल तोच होता. आपण निर्णयाचं मोठेपण निकालावरून ठरवतो, आणि मग म्हणतो की निर्णयाने निकाल ठरवला.

2024 च्या वादात एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनाचा वाटतो. तो कनेक्टिकटचे कोच जीनो ऑरिएमा यांचा. ते म्हणाले की पाहायला गेलं तर प्रत्येक चालीत बेकायदा स्क्रीन सापडेल. हे खरं आहे. मी सांगते ना, त्या अर्ध्या पावलाशिवाय सामना होत नाही. मग प्रश्न असा उरतो की जो दोष पंच सामनाभर बघून सोडून देतात तो शेवटी पकडणं न्याय्य आहे का? खेळाडू नियम पुस्तकातून शिकत नाही. त्या दिवशी कुठपर्यंत चालतं हे ती पहिल्या क्वार्टरच्या शिट्ट्यांवरून शिकते. पंचांनी सुरुवातीला ढील दिली तर ढिलेपणाने खेळते, आवळलं तर सावध होते. संध्याकाळभर एक रेषा दाखवून शेवटच्या चार सेकंदांत दुसरीच दाखवली, तर तो पंचाचा अन्याय, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

पण ऑरिएमा त्याच दमात आणखी एक बोलले: त्या रात्री असे तीन-चार फाउल कनेक्टिकटवर दिले गेले होते आणि आयोवावर एकही नाही. या वाक्याचा उत्तरार्ध गंभीर आहे. दोन्ही बाजूंना एकच माप लावलं का, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पूर्वार्ध मात्र त्यांच्याच तक्रारीला उत्तर देतो. तीन-चार वेळा स्क्रीनवर फाउल मिळाले असतील, तर रेषा आधीच आखलेली होती. आज पाय सरकला तर चालणार नाही, हे कनेक्टिकटच्या मुलींना त्या रात्री शिट्टीनेच सांगितलं होतं. शेवटची शिट्टी आकाशातून पडली नव्हती. त्या रात्रीच्या आधीच्या शिट्ट्यांच्या ओळीत ती बसत होती.

बेकर्सचं बोलणं मला फार आवडलं, आणि त्याच वेळी थोडं अस्वस्थही करून गेलं. ती म्हणाली की एका चालीने सामना जिंकला जात नाही की हरला जात नाही. गोष्ट त्या क्षणापर्यंत येऊच द्यायला नको होती. पराभवानंतर काही मिनिटांत बावीस वर्षांची मुलगी माइकसमोर बसून हे म्हणते, याला मोठं मन लागतं. आपल्या सहकारी मुलीवरचा भार तिने स्वतःच्या खांद्यावर घेतला. पण हे वाक्य तिच्याच तोंडी शोभतं. आपण पाहणाऱ्यांनी ते उचलून "मग काय एवढं त्या फाउलचं" असं म्हणू नये. एडवर्ड्सचाही तो कॉलेजातला शेवटचा सामना होता. चार वर्षं तिने रीबाउंड, म्हणजे चुकून उडालेले चेंडू, ओढले, धडका घेतल्या, जखमांनी अर्धी झालेली टीम तिने आणि बेकर्सने मिळून तिथवर आणली होती. त्या चार वर्षांतला लोकांच्या लक्षात राहिलेला क्षण हा. दहाच दिवसांनी डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत वॉशिंग्टनने तिला सहाव्या क्रमांकावर घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मार्शलचं तर याहून वाईट झालं. तिने काही केलंच नव्हतं. तिला धडक बसली, पंचाने शिट्टी दिली, तिची टीम जिंकली, आणि सोशल मीडियावर अनोळखी लोक तिच्यावर तुटून पडले. हा सामना सरासरी 1 कोटी 42 लाख लोकांनी पाहिला, ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर तोवर दाखवलेल्या कुठल्याही बास्केटबॉल सामन्यापेक्षा जास्त. त्यातले कितीतरी जण महिला कॉलेज बास्केटबॉल पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा बघत असणार. त्यांचं यावं अशी आमच्यासारख्यांची किती वर्षांची इच्छा होती! आणि आल्याआल्या त्यांनी या खेळातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला काय दिलं, हे पाहून मला संताप आला. तो अजून गेलेला नाही.

पंचांबद्दलही एक गोष्ट या गदारोळात बोलली जात नाही. 2021 मध्ये, कॅरिंग्टनचा तो सामना झाला त्याच स्पर्धेत, ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने मुलींना दिलेल्या व्यायामशाळेचा व्हिडिओ टाकला: मुलांसाठी हॉलभर यंत्रं, मुलींसाठी डंबेलचा एक छोटा स्टँड. त्यातून जी चौकशी झाली, जी लाज गेली, त्यामुळे 2022 पासून महिलांच्या स्पर्धेलाही 'मार्च मॅडनेस' हे तोवर पुरुषांच्या स्पर्धेपुरतं राखलेलं नाव वापरता आलं. आणि त्याच 2022 मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या महिला स्पर्धेतल्या पंचांचं मानधन पुरुषांच्या स्पर्धेतल्या पंचांएवढं झालं. त्याआधी ते कमी होतं. तेच मैदान, तीच चाळीस मिनिटं, तीच तीन माणसं, आणि कमी पैसे. ज्या संस्थेने इतकी वर्षं महिलांच्या सामन्यातली शिट्टी स्वस्त मानली, तिथे शिट्टीच्या दर्जाबद्दल तक्रार करताना बोट कुणाकडे दाखवायचं ते नीट ठरवायला हवं. मैदानावरच्या तिघांकडे ते सहज जातं, कारण ते दिसतात.

मग करायचं काय? पडद्यावर तपासा, असं सगळे म्हणतात. 2025-26 च्या हंगामापासून कोचना काही निर्णयांवर रिव्ह्यू मागता येतो: चेंडू बाहेर कुणाकडून गेला, वगैरे. साधा फाउल त्यात नाही, आणि मला ते योग्य वाटतं. स्क्रीनची टक्कर मंद गतीत पाहिली की प्रत्येक टक्कर गुन्हा दिसते. अंगाचा झोक, वेग, कोण कुठे निघाली होती हे जिवंत डोळ्यालाच कळतं, आणि तो डोळा कधीतरी चुकणार हे धरूनच हा खेळ उभा आहे.

मला हवंय ते वेगळं. एनबीए 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. त्यात एकेक चाल घेऊन लिहिलेलं असतं: दिलेला फाउल बरोबर, दिलेला फाउल चूक, आणि त्यापुढे, न दिलेला फाउल बरोबर, न दिलेला फाउल चूक. हे शेवटचे दोन रकाने मला महत्त्वाचे वाटतात. तिथे शिट्टी न वाजवणं हा निर्णय म्हणून मोजला जातो. अनेक खेळाडूंना या अहवालाचा राग येतो. निकाल तर बदलत नाही, मग हवाय कशाला, असं ते विचारतात. त्यांचं दुःख मी समजू शकते. पण कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धेत असला कागद निघतच नाही. तिथे उरतात ते कोचांचे उसासे, थांबवून काढलेले फोटो आणि कोट्यवधी अनोळखी लोकांचा निवाडा. 2021 नंतर कॅरिंग्टनला आपला फोटो स्वतः लोकांपुढे ठेवावा लागला. 2024 नंतर मार्शलने काही केलं नाही हे सांगायला कुणी अधिकृतपणे पुढे यायला हवं होतं, आणि एडवर्ड्सच्या स्क्रीनमध्ये नेमकं काय चुकलं हेही. या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सामने मोजके असतात. त्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा असा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावणं एनसीएएला अजिबात जड नाही, आणि त्यांनी तो पुढच्या मार्चपासून लावावा.